कादंबरीची कोणती आवृत्ती मुलांच्या हाती द्यावी?

अमेरिकेतील माध्यमिक शाळांतून, विशेषतः दहावी-अकरावीच्या वर्गांतून, मार्क ट्वेन यांची 'अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ हकलबरी फिन' ही कादंबरी कित्येक पिढ्या शिकविली जात आलेली आहे. आपल्या समाजबांधवांची येथे जन्मलेली मुले त्या वर्गांत बसतात, ते पुस्तक दप्तरातून घरी आणतात आणि परीक्षा झाली की परत करतात. आपण पालक मात्र ते क्वचितच उघडून पाहतो. गणित व विज्ञान यांची पुस्तके आपण चाळतो, गुण विचारतो. इंग्रजी हा तर मुलांना आपल्यापेक्षा चांगला येणारा विषय, म्हणून तो सोडून देतो. या लेखात आम्हास सुचवावयाचे आहे ते असे की, निदान या एका कादंबरीच्या बाबतीत पालकांनी पुस्तक उघडून पाहावे, आणि शाळेने तिची आवृत्ती कोणती निवडली आहे याची चौकशी करावी. या कादंबरीवरील लेखनहक्क केव्हाच संपलेला असल्याने कोणीही प्रकाशक ती छापू शकतो. परिणामी एकाच नावाची, एकाच लेखकाची, परंतु आतून भिन्न असलेली पुस्तके बाजारात मिळतात. कोठे शब्द बदललेले, कोठे प्रकरणे गाळलेली, तर कोठे मूळ हस्तलिखितातील मजकूर नव्याने घातलेला.

ज्यांच्या वाचनात ही कादंबरी आलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मिसिसिपी नदीकाठच्या मिसूरी राज्यातील एका गावात हक नावाचा तेरा-चौदा वर्षांचा गोरा मुलगा आहे. बाप दारुडा आणि मारकुटा. त्या बापाच्या हातून निसटून हक पळतो. त्याच सुमारास जिम नावाचा कृष्णवर्णीय गुलाम, मालकीण आपणास दक्षिणेत विकणार असे कानी आल्यामुळे पळून जातो. दोघांची गाठ पडते आणि एका तराफ्यावरून त्यांचा प्रवास सुरू होतो. पळालेल्या गुलामास मदत करणे म्हणजे चोरी आणि पाप, असे हकला चर्चने व समाजाने लहानपणापासून शिकविलेले आहे. एकतिसाव्या प्रकरणात तो जिमचा ठावठिकाणा कळविणारे पत्र मालकिणीस लिहितो, आणि मग जिमच्या सोबतीचे दिवस आठवून ते फाडून टाकतो. या कृत्याबद्दल आपण नरकात जाणार अशी त्याची खरोखरच खात्री आहे, आणि ते पत्करून तो पत्र फाडतो. धर्माने पाप ठरविलेली माणुसकी म्हणजे काय, हे आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही.

ही कादंबरी इंग्लंडात डिसेंबर १८८४ मध्ये व अमेरिकेत फेब्रुवारी १८८५ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने कायद्याने संपलेली होती. कथेचा काळ त्याआधीचा, साधारणतः १८३५ ते १८४५ या दरम्यानचा. त्या काळच्या गोऱ्या लोकांच्या तोंडी कृष्णवर्णीयांसाठी जो हीन शब्द होता तो या पुस्तकात दोनशेहून अधिक वेळा आला आहे. स्वतः हकही निवेदन करताना तो वापरतो, कारण त्याला दुसरा शब्द ठाऊकच नाही. तो शब्द आम्ही येथे छापत नाही. वाचकांस तो माहीत आहे, आणि न छापताही त्याविषयी बोलता येते हे या लेखावरून दिसावे.

वादाचे मूळ या शब्दात आहे. पुस्तकावर पहिली बंदी आली ती १८८५ मध्येच, कॉन्कॉर्ड येथील सार्वजनिक ग्रंथालयाची. परंतु तेव्हाची तक्रार 'पुस्तक असभ्य आणि मुलांस बिघडविणारे आहे' अशी होती. कृष्णवर्णीयांच्या अपमानाचे कोणास काही वाटले नव्हते. तो मुद्दा पुढे आला तो कृष्णवर्णीय मुले गोऱ्या मुलांच्या शेजारी एकाच वर्गात बसू लागल्यानंतर. हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. शेजारी कोणी ऐकणारा बसल्याशिवाय शब्दाचे वजन बोलणाऱ्याच्या ध्यानी येत नाही.

या अडचणीवर २०११ साली एक तोड काढण्यात आली. अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी येथील न्यूसाउथ बुक्स या प्रकाशनसंस्थेने अ‍ॅलन ग्रिबन या ट्वेन-अभ्यासक प्राध्यापकांनी संपादिलेली आवृत्ती काढली. तीत तो शब्द सर्वत्र काढून त्याजागी 'गुलाम' या अर्थाचा 'स्लेव्ह' हा शब्द घातला आहे. त्याआधी १९८३ मध्ये जॉन वॉलेस या कृष्णवर्णीय शिक्षणाधिकाऱ्यांनीही तो शब्द वगळलेली एक आवृत्ती स्वतः तयार केली होती. दोघांचाही हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. ग्रिबन यांचे म्हणणे असे की, या एका शब्दामुळे अनेक शिक्षकांना हे पुस्तक वर्गात घेताच येत नाही. शब्द बदलला तर निदान पुस्तक तरी वाचले जाईल. आणि वॉलेस यांनी आपल्या लेकरांच्या कानांचा विचार केला, त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हास तर मुळीच नाही.

तथापि, ही तोड आम्हास पटत नाही, आणि का पटत नाही हे थोडे विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे.

'गुलाम' हे एका कायदेशीर अवस्थेचे नाव आहे. ती अवस्था विकत घेता येते, विकता येते, मृत्युपत्राने संपविता येते. या कादंबरीत शेवटी ती तशी संपतेही. त्या अपशब्दाचे तसे नाही. तो जन्माला चिकटवलेला आहे. मनुष्य मुक्त झाला, शिकला, मतदार झाला तरी तो सुटत नाही. सहाव्या प्रकरणात हकचा बाप एका कृष्णवर्णीय गृहस्थाविषयी दारूच्या नशेत आगपाखड करतो. तो गृहस्थ ओहायो राज्यातील. कायद्याने स्वतंत्र, महाविद्यालयात प्राध्यापक, अनेक भाषांचा जाणकार, उत्तम पोशाखातला, आणि आपल्या राज्यात मत देऊ शकणारा. चिखलात लोळणारा, अक्षरशत्रू असा गोरा मनुष्य त्या विद्वानास त्याच शब्दाने शिव्या घालतो आणि असे असेल तर आपण पुन्हा मतच देणार नाही म्हणून शपथ घेतो. येथे 'गुलाम' हा शब्द कसा बसेल? तो मनुष्य गुलाम नाही हेच तर बापाच्या संतापाचे कारण आहे. कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या बाबासाहेबांच्या टेबलावर १९१७ साली बडोद्याच्या कचेरीतील शिपाई कागदपत्रे लांबून टाकीत, ते बाबासाहेब कोणाचे गुलाम होते म्हणून नव्हे. जन्माचा शिक्का पदवीने पुसत नाही, ही गोष्ट आपल्या मुलांस ज्या एका प्रकरणातून अमेरिकन वर्गात शिकता आली असती, ते प्रकरणच शब्द बदलल्याने अर्थहीन होते.

दुसरे उदाहरण बत्तिसाव्या प्रकरणातील आहे. आगबोटीवर स्फोट झाला अशी एक थाप हक मारतो. सॅली मावशी विचारते, कोणाला इजा झाली काय? हक सांगतो की नाही; एक कृष्णवर्णीय तेवढा मेला. यावर ती प्रेमळ, देवभीरू बाई सुटकेचा श्वास टाकते, की बरे झाले, कधी कधी अशा अपघातात माणसांना इजा होते. दोन ओळींचा हा संवाद आहे आणि त्यात कोणीही रागाने बोललेले नाही. मेलेला मनुष्य माणसांच्या मोजणीतच नाही, आणि ही मोजणी त्या एका शब्दाने झालेली आहे. शब्द सौम्य केला की सॅली मावशी थोडी बेफिकीर बाई वाटते. शब्द राहिला की तिचा संपूर्ण समाज उघडा पडतो. विद्यार्थ्याने ही ओळ वाचून क्षणभर थांबावे एवढ्यासाठी पुस्तक शिकवावयाचे असते. थांबण्याचे ठिकाणच गुळगुळीत केले तर तो पुढे निघून जाईल.

परंतु येथवर आल्यावर 'साहित्यात सर्व क्षम्य आहे' असे म्हणून मोकळे होणे आपल्या समाजास शोभणार नाही. वर्गात सर्वांसमक्ष जातीच्या नावाने हाक मारली गेली म्हणजे काय होते, हे आपल्या आजोबांना ठाऊक होते, वडिलांना ठाऊक होते, आणि आपल्यापैकी अनेकांनाही गावच्या शाळेपासून ठाऊक आहे. भारतात १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीस चारचौघांत हेतुपुरस्सर अपमानित करणे हा गुन्हा ठरविला, तो उगाच नव्हे. आमच्या परिचयातील एका कुटुंबातील कन्येने सांगितलेली हकीकत अशी: तिच्या अकरावीच्या वर्गात एकच कृष्णवर्णीय मुलगा होता. मुले आळीपाळीने पुस्तक मोठ्याने वाचत, आणि तो शब्द आला की सगळ्या वर्गाची नजर त्याच्याकडे वळे. तो मान खाली घालून पानाकडे पाहत राही. आमच्या कन्येची पाळी आली तेव्हा तिने शब्द गाळून वाचले, तर शिक्षकांनी तिला 'जसे छापले आहे तसे वाच' म्हणून सांगितले. त्या वर्गात आवृत्ती उत्तम होती. संहिता पूर्ण होती, टिपा होत्या. तरीही त्या मुलासाठी तो तास कसा गेला असेल याची कल्पना आपण करू शकतो.

यासंबंधी एक महत्त्वाचा निवाडा झालेला आहे. अ‍ॅरिझोनातील टेम्पी येथील एका कृष्णवर्णीय आईने शाळा-मंडळावर फिर्याद केली होती, की ही कादंबरी व विल्यम फॉकनर यांची एक कथा सक्तीच्या वाचनात लावल्यानंतर आपल्या मुलीला व इतर कृष्णवर्णीय मुलांना त्या शब्दाने डिवचण्याचे प्रकार वाढले आणि तक्रार करूनही शाळेने काही केले नाही. १९९८ साली नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितले की, पुस्तकातील मजकुरास आक्षेप आहे म्हणून न्यायालय ते अभ्यासक्रमातून काढावयास लावणार नाही. परंतु वर्णद्वेषी छळाची माहिती असूनही जी शाळा स्वस्थ बसते तिला १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली जाब द्यावा लागेल. आमच्या मते या निवाड्याने प्रश्नाचे दोन भाग नीट वेगळे केले. छापलेला शब्द ही एक गोष्ट, आणि वर्गात उच्चारलेला, कोणाच्या अंगावर फेकलेला शब्द ही दुसरी. पहिल्याचा निर्णय आवृत्ती निवडून होतो; दुसऱ्याचा होत नाही. म्हणून पूर्ण संहिता हाती द्यावी आणि तो शब्द कोणीही मोठ्याने वाचू नये, शिक्षकांनी तर नाहीच, असा नियम पहिल्याच दिवशी करावा. यात विसंगती काही नाही.

शिवाय शब्द कोणी लिहिला याचाही विचार केला पाहिजे. आपल्या साहित्यात अपमानाचे शब्द जागोजागी छापलेले आहेत. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ मध्ये आत्मकथन प्रसिद्ध केले ते 'अक्करमाशी' या नावाने. बारा माशांचा तोळा. त्यात एक मासा कमी, म्हणजे खोट असलेला, अनौरस. गावाने दिलेली शिवी लेखकाने मुखपृष्ठावर लावली. लक्ष्मण माने यांचा 'उपरा', लक्ष्मण गायकवाड यांचा 'उचल्या' हीदेखील तशीच नावे. लिंबाळे यांच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २००३ मध्ये 'द आउटकास्ट' या नावाने निघाला, तेव्हा मूळ शब्दही त्याच्या जोडीला ठेवण्यात आला. त्यामुळे इंग्रजी वाचकालाही विचारावे लागते की हा काय शब्द आहे. परंतु ती शिवी ज्याने सोसली त्यानेच ती लिहिली. मार्क ट्वेन कितीही सहृदय असले तरी गोरे होते, गुलाम बाळगणाऱ्या घरात वाढलेले होते. त्यांनी लिहिलेला तो शब्द आणि कृष्णवर्णीय लेखकाने लिहिलेला तोच शब्द यांचे मोल एक नाही. म्हणूनच हे एकटे पुस्तक शिकविणे आम्हास पुरेसे वाटत नाही. त्याविषयी पुढे येईलच.

त्यांच्या सहृदयतेविषयी मात्र एक गोष्ट आपल्या वाचकांस सांगितल्याशिवाय राहवत नाही. ट्वेन जानेवारी १८९६ मध्ये मुंबईस आले होते आणि वॉटसन हॉटेलात उतरले होते. तेथे एका जर्मन व्यवस्थापकाने काही कारण न सांगता एका हिंदी नोकराच्या तोंडात मारली आणि त्या नोकराने ती मुकाट्याने सोसली. हे पाहताच आपणास मिसूरीतील बालपण आणि तेथील गुलामांना बसणारा मार आठवला, असे त्यांनी १८९७ च्या आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले आहे. बाबासाहेब त्या वेळी पाच वर्षांचेही नव्हते. महात्मा फुल्यांनी तर त्याच्या तेवीस वर्षे आधी, १८७३ साली, आपली 'गुलामगिरी' अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली होती, ती तेथील 'निग्रो' गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखविलेल्या औदार्याबद्दल. 'निग्रो' हा शब्द तेव्हा सभ्य होता. आज येथे तो कोणी वापरत नाही. उद्या कोणी म्हणेल की फुल्यांच्या अर्पणपत्रिकेतील तो शब्द बदला, तर आपण मान्य करू काय? आपण म्हणू की टीप द्या, काळ सांगा, परंतु फुल्यांच्या अक्षराला हात लावू नका.

संहितेला हात लावण्याविषयी आपल्यापुढे याहून मोठे उदाहरण आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलाविले, भाषणाचा मसुदा पाहिला आणि काही भाग गाळण्याची विनंती केली. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषद बारगळली. तेव्हा त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले आणि मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही प्रारंभी जोडून दिला. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींनी 'हरिजन'मध्ये केलेली टीका छापली आणि आपले उत्तरही छापले. विद्यार्थ्याच्या हाती द्यावयाचे पुस्तक कसे असावे याचा हा नमुना आम्हास वाटतो: मूळ शब्द अभंग, आणि त्यावरील भांडण त्याच बांधणीत, दोन्ही बाजूंनी, वाचकाच्या डोळ्यांसमोर. (त्याच ग्रंथाच्या २०१४ मधील सटीप आवृत्तीस जोडलेल्या अरुंधती रॉय यांच्या प्रदीर्घ प्रस्तावनेवर आपल्यातील अनेकांनी आक्षेप घेतला होता, तोही मूळ ग्रंथापेक्षा प्रस्तावनाच पुढे बसते म्हणून. प्रस्तावना कोणाची आणि किती, हाही आवृत्तीचाच प्रश्न आहे.)

आणखी एक गोष्ट. कॅलिफोर्नियात २००५-०६ मध्ये सहावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतील प्राचीन भारतावरील मजकुरात काही हिंदू संघटनांनी फेरफार सुचविले, त्यांत जातिव्यवस्थेविषयीचा मजकूरही होता. २०१६ साली अभ्यासक्रमाच्या आराखड्यावरून तोच वाद पुन्हा उभा राहिला. मुलांना लाज वाटते, वर्गात त्यांना चिडवितात, हा तेव्हाचा युक्तिवाद होता. आपल्या कार्यकर्त्यांनी उत्तर दिले की, जे घडले ते पुसून कोणाचे कल्याण होत नाही. 'जात' हा वर्णनाचा शब्द आहे आणि ट्वेन यांच्या पुस्तकातील शब्द ही शिवी आहे, हा भेद आम्ही जाणतो. परंतु आपल्या दुःखाची नोंद पुस्तकात राहावी म्हणून जे झगडले, त्यांनी दुसऱ्या समाजाच्या दुःखाची नोंद पुसणाऱ्या आवृत्तीस सहज होकार देऊ नये.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. वर्गासाठी घ्यावयाच्या प्रतीत संहिता पूर्ण हवी. मुलांसाठी म्हणून काढलेल्या संक्षिप्त आवृत्त्या आम्ही सरळ नाकारतो. त्यांत साहसे राहतात, आणि पंधराव्या प्रकरणात हक जिमची क्षमा मागतो किंवा एकतिसाव्यात पत्र फाडतो, ते दोन परिच्छेदांत उरकले जाते. प्रारंभी ट्वेन यांनी बोलीभाषांविषयी दिलेली छोटी टीप असलीच पाहिजे. आपण अनेक बोली काळजीपूर्वक वापरल्या आहेत, असे ते तेथे सांगतात. ती टीप गेली की जिमची बोली म्हणजे अडाण्याची भाषा असा विद्यार्थ्याचा समज होतो. आपल्या आयाबायांच्या बोलीला 'अशुद्ध' म्हणणारे मास्तर ज्यांना आठवतात, त्यांना यातील मर्म वेगळे सांगावयास नको.

चित्रांकडेही पाहावे. पहिल्या आवृत्तीसाठी ई. डब्ल्यू. केम्बल यांनी १७४ चित्रे काढली. त्यांतील जिम अनेक ठिकाणी थट्टेचा विषय झालेला दिसतो, आणि याचे एक कारण पुढे चित्रकारानेच सांगितले: सर्व पात्रांसाठी, जिमसाठीसुद्धा, त्यांनी एकाच गोऱ्या मुलाला समोर उभे केले होते! ट्वेन यांच्या शब्दांतला जिम आणि केम्बल यांच्या रेषांतला जिम हे दोन निरनिराळे आहेत. चित्रे असलेली प्रत घ्यावयास हरकत नाही. उलट शिक्षकांनी ही हकीकत सांगितली तर चित्रांतून एक चांगला धडा होईल. न सांगता दाखविणे मात्र वाईट. प्रस्तावनेची परीक्षा तर फार सोपी आहे. जिमच्या नावामागे तो अपशब्द उपनावासारखा जोडून लिहिण्याची समीक्षकांत मोठी चाल होती, हेमिंग्वे यांनी १९३५ साली तसेच लिहिले. संपूर्ण कादंबरीत ट्वेन यांनी तो जोडशब्द एकदाही वापरलेला नाही. ज्या प्रस्तावनेत तो सहजपणे आलेला दिसेल ती आवृत्ती परत पाठवावी.

उपलब्ध आवृत्त्यांपैकी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मुद्रणालयाची संहिता सर्वांत विश्वसनीय मानली जाते. हस्तलिखिताचा हरवलेला पूर्वार्ध १९९० मध्ये लॉस एंजेलिस येथील एका घराच्या माळ्यावरील पेटीत सापडला. उत्तरार्ध आधीपासून बफेलोच्या ग्रंथालयात होता. नॉर्टन यांच्या आवृत्तीत समीक्षालेख जोडलेले आहेत. परंतु वर्गाचा विचार करता आमचा कल जेराल्ड ग्राफ व जेम्स फेलन यांनी संपादिलेल्या, १९९५ मध्ये प्रथम निघालेल्या बेडफर्ड आवृत्तीकडे आहे, कारण तीत संपूर्ण संहितेच्या पाठोपाठ पुस्तकावरील वाद दोन्ही बाजूंनी छापला आहे. टोनी मॉरिसन यांनी १९९६ च्या ऑक्सफर्ड आवृत्तीस लिहिलेली प्रस्तावना याबरोबर अवश्य वाचून घ्यावी. शाळेत हे पुस्तक वाचताना झालेली घालमेल त्यांनी लपविलेली नाही, तरीही पुस्तक काढून टाकण्याचे प्रयत्न मुलांच्या शिक्षणापेक्षा मोठ्यांच्या समाधानासाठी असतात, असा त्यांचा अभिप्राय आहे.

आणि सोबतीला दुसरे पुस्तक हवेच. फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ चे आत्मकथन लहान आहे, स्वस्त आहे, आणि गुलामीतून स्वतः निसटलेल्या माणसाने लिहिलेले आहे. २०२४ मध्ये पर्सिव्हल एव्हरेट या कृष्णवर्णीय लेखकाने 'जेम्स' ही कादंबरी लिहून हीच कथा जिमच्या तोंडून सांगितली. तीत जिम उत्तम इंग्रजी जाणतो आणि गोऱ्यांसमोर जाणूनबुजून मोडके बोलतो. या कादंबरीस २०२४ चे नॅशनल बुक अवॉर्ड व २०२५ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. वरच्या वर्गांत या दोन कादंबऱ्या पाठोपाठ वाचल्या जाव्यात अशी मागणी आपण निःसंकोच करावी.

कृष्णवर्णीय पालकांनी मात्र आमच्या मुलांवर हे पुस्तक सक्तीने नको असे म्हटले, तर? मिनेसोटातील डुलुथ येथील शाळांनी २०१८ मध्ये ते सक्तीच्या यादीतून काढले आणि ग्रंथालयात ठेवले. अशा प्रसंगी आपण त्या पालकांच्या बाजूने उभे राहावे असे आमचे स्पष्ट मत आहे. पुस्तक केव्हा शिकवावे याचा पहिला शब्द त्यांचा. शब्द बदललेले पुस्तक ट्वेन यांच्या नावाने शिकविण्यापेक्षा एखादे वर्ष दुसरी कादंबरी शिकविली तरी चालेल.

शाळेच्या शरदातील पालकसभेस जाताना मुलाच्या दप्तरातील प्रत बरोबर न्यावी. मुखपृष्ठामागील पानावर प्रकाशक, वर्ष आणि संहिता कोणत्या आवृत्तीवरून घेतली हे दिलेले असते. ते दिलेले नसेल तर तीच पहिली विचारणा करावी. त्यानंतर सोळावे प्रकरण उघडावे. हक पोहत एका मोठ्या तराफ्यापाशी जातो आणि तेथील नावाड्यांच्या बढाया चोरून ऐकतो, असा एक लांबलचक प्रसंग काही प्रतींत तेथे आढळतो आणि काहींत नसतो. ट्वेन यांनी तो आधी १८८३ च्या दुसऱ्या पुस्तकात छापला होता आणि प्रकाशकाच्या सूचनेवरून कादंबरीतून वगळला होता. कॅलिफोर्नियाच्या आवृत्तीने तो परत घातला. कोणतीही प्रत त्यामुळे खोटी ठरत नाही. पण वर्गात दोन्ही प्रकारच्या प्रती आल्या असतील तर पाने जुळत नाहीत आणि अर्धा तास पान शोधण्यात जातो, म्हणून सर्व मुलांना एकच प्रत मिळेल एवढे शिक्षकांस सुचवावे.